रानातल्या टोक्सोप्लाझ्माचे वाण कसे ओळखावेत: परवानगीपासून विश्लेषणापर्यंत

२०२० ते २०२२ या दरम्यान कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर चार समुद्री पाणमांजरं मेली. शवविच्छेदनात त्यांच्या शरीरभरच्या चरबीला तीव्र दाह झालेला दिसला. टोक्सोप्लाझ्मा गोंडाय हा परजीवी तिथल्या पाणमांजरांना नवा नाही; त्याने होणारे मृत्यू तिथले संशोधक वर्षानुवर्षं नोंदवत आले आहेत. पण या वेळचं चित्र वेगळं होतं, आणि जनुकीय तपासणीत परजीवीचा वाणही (स्ट्रेन, म्हणजे एकाच प्रजातीतला जनुकीय प्रकार) वेगळा निघाला. हा 'कूग' वाण. १९९५ मध्ये कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरात पिण्याच्या पाण्यातून टोक्सोप्लाझ्मोसिसची साथ पसरली, तेव्हाच्या तपासात तो ब्रिटिश कोलंबियातल्या प्यूमातून (मार्जार कुळातलं एक मोठं जनावर) वेगळा केला गेला होता. पाणमांजरांच्या कागदांवर नुसतं 'टोक्सोप्लाझ्मा पॉझिटिव्ह' लिहून विषय संपवला असता, तर हा धागा कुणाच्या हाती लागला नसता.

पशुवैद्यक किंवा प्राणिशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी आणि वन्यजीव उपचार केंद्रांतले डॉक्टर यांच्यासाठी हा लेख आहे. पीसीआर म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे असं गृहीत धरलंय. एक मत सुरुवातीलाच मांडतो, पुढचं सगळं त्याभोवती फिरतं: या कामात किती विविधता सापडणार हे प्रयोगशाळेपेक्षा नमुना उचलतानाच जास्त ठरतं. मार्कर (वाण ओळखण्यासाठी तपासायचे डीएनएचे ठरावीक तुकडे), मशीन, सॉफ्टवेअर यांवर लोक महिनोन्‌महिने घालवतात आणि प्राणी कुठे मेला हे नीट लिहून ठेवत नाहीत.

आधी परजीवीची चाल

टोक्सोप्लाझ्मा पहिल्यांदा सापडला तोच प्राण्यांत. १९०८ साली ट्युनिसमध्ये निकोल आणि मांसो यांना तो गुंडी नावाच्या वाळवंटी कृंतकात दिसला, आणि त्याच वर्षी ब्राझीलमध्ये स्प्लेंडोरे यांना सशात. तो कोणत्याही उष्ण रक्ताच्या प्राण्यात राहू शकतो, पण त्याचं लैंगिक पुनरुत्पादन फक्त मार्जार कुळातल्या प्राण्यांच्या आतड्यात होतं. तिथून विष्ठेवाटे ऊसिस्ट, म्हणजे परजीवीच्या भक्कम भिंतीच्या, अंड्यांसारख्या अवस्था, बाहेर पडतात, माती-पाण्यात पक्व होतात आणि चितळापासून कोंबडीपर्यंत कुणाच्याही पोटात जातात. त्या प्राण्यांच्या मेंदूत आणि स्नायूंत सिस्ट, म्हणजे परजीवींनी भरलेल्या सूक्ष्म पिशव्या, तयार होतात, बहुधा आयुष्यभरासाठी.

वाणांच्या दृष्टीने तीन गोष्टी कळीच्या आहेत. एका मांजराला एकाच वेळी दोन वेगळ्या वाणांची लागण झाली तरच जनुकांची खरी सरमिसळ होते. एकच वाण असेल तर लैंगिक चक्र पूर्ण होऊनही संतती मूळ वाणासारखीच निघते. आणि कोल्ह्याने उंदीर खाल्ला, गिधाडाने कोल्हा खाल्ला, तर मांजर मध्ये न येताही परजीवी पुढे जातो. त्यामुळे हा जीव काही प्रदेशांत जवळजवळ निव्वळ नकलांनी पसरलेला दिसतो, तर काही प्रदेशांत भरपूर मिसळलेला.

१९९५ मध्ये हाऊ आणि सिब्ली यांनी १०६ नमुने तपासून दाखवलं की बहुतेक सगळे तीन वंशांत बसतात: टाइप १, २ आणि ३. ते नमुने मुख्यतः युरोप आणि उत्तर अमेरिकेतले, माणसं आणि पाळीव प्राण्यांतले होते. पुढे दक्षिण अमेरिका आणि रानटी प्राणी हिशोबात आले तसं हे सुटसुटीत चित्र विस्कटलं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जगभरच्या ९५६ नमुन्यांत १३८ वेगळे हॅप्लोटाइप (सगळ्या मार्करवरच्या निकालांचे वेगळे संच) निघाले. त्यांचे १५ गट आणि ६ मोठ्या शाखा करण्यात आल्या. उत्तर अमेरिकेतल्या वन्य प्राण्यांत तर चौथा नकलवंश सापडला, टाइप १२. पाणमांजरांत पूर्वी 'टाइप एक्स' म्हणून नोंदलेला वाण त्यातलाच.

पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहा

'महाराष्ट्रातल्या वन्य प्राण्यांतील टोक्सोप्लाझ्माची जनुकीय विविधता' हे प्रबंधाचं शीर्षक होईल, प्रश्न होत नाही. प्रश्न असा हवा: गावालगतच्या रानमांजरांत आणि त्याच गावच्या पाळीव मांजरांत एकच वाण फिरतोय का? किंवा: दाट जंगलातल्या चितळांतले वाण शेताच्या कडेच्या रानडुकरांतल्या वाणांपेक्षा वेगळे आहेत का?

हा दुसरा प्रश्न हवेतला नाही. फ्रेंच गयानात, ॲमेझॉनच्या जंगलाला लागून, २०११ च्या अभ्यासात नेमकी हीच तुलना झाली. दाट जंगलातले वाण एकमेकांपासून खूप वेगळे निघाले, तर माणसांच्या वस्तीभोवतीचे एकमेकांच्या जवळचे. उत्तर अमेरिकेतही वस्तीकडे जाताना विविधता घटते, असं २०१८ मध्ये दिसलं. आपल्याकडे जुन्नरच्या उसात बिबटे राहतात आणि मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाला इमारती खेटून आहेत. रान आणि वस्ती यांची सीमा इतकी पुसट असताना या प्रश्नाला वेगळीच धार येते. भारतातल्या कोंबड्यांवर २००३ साली प्रसिद्ध झालेल्या कामात टाइप २ आणि टाइप ३ दिसले होते, तेही एकाच मार्करवरून. रानातलं चित्र अजून जवळजवळ कोरं आहे.

पायरी २: परवानग्या, आणि त्या आधीच

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार मेलेला वन्य प्राणीही सरकारची मालमत्ता असतो; कलम ३९ तेच सांगतं. म्हणजे महामार्गावर गाडीखाली आलेल्या रानमांजराची जीभ स्वतःहून कापून नेणं हा गुन्हा आहे, हेतू कितीही शास्त्रीय असो. संशोधनासाठी परवाना कलम १२ खाली मिळतो. महाराष्ट्रात अर्ज नागपूरला प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) यांच्याकडे जातो, गोव्यात तिथल्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे. अनुसूची १ मधल्या प्राण्यांसाठी केंद्राची पूर्वपरवानगीही लागते, आणि आपल्याकडची बहुतेक मार्जार कुळातली जनावरं त्यातच येतात. नमुने किंवा डीएनए परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचा असेल तर जैवविविधता कायदा, २००२ लागू होतो. त्यासाठी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मान्यता घ्यावी लागते. उंदरांवर प्रयोग करायचे असतील तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची संमती वेगळी.

व्यवहाराचा सल्ला: स्वतः जंगलात फिरून नमुने गोळा करायचा बेत करू नका. शवविच्छेदन तसंही होतच असतं. वाघाचं शवविच्छेदन राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या ठरलेल्या पद्धतीने समितीसमोर होतं आणि मग शव जाळतात. त्यात ऐन वेळी 'मला थोडा मेंदू हवा' म्हणून घुसता येत नाही. उपचार केंद्रांतल्या डॉक्टरांना अर्जात सहसंशोधक म्हणून घ्या, त्यांच्याकडे तयार डबे, लेबलं आणि एक पानाचा फॉर्म आधीच देऊन ठेवा. काम मार्गी लागतं ते अशाच भागीदारीतून.

पायरी ३: नमुना

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या.

कोणता अवयव घ्यायचा हे प्राण्यावर अवलंबून. चितळ, सांबर, भेकर, रानडुक्कर यांच्यात हृदय चांगलं. मांसाहारी प्राण्यांत आणि कृंतकांत मेंदू. जीभ आणि मध्यपटल हे पर्याय म्हणून हाताशी असावेत, कारण शव दोन दिवस उन्हात पडलेलं असेल तर मेंदूचं पाणी झालेलं असतं आणि जीभ बरी निघते. शक्य असेल तर हृदय पूर्ण घ्या. सिस्ट स्नायूंत विरळ आणि विखुरलेले असतात. नखाएवढा तुकडा निगेटिव्ह आला म्हणून प्राणी निगेटिव्ह ठरत नाही.

जतन करताना आधी ठरवा: परजीवी जिवंत हवा की फक्त डीएनए? जिवंत हवा असेल तर नमुना बर्फावर, सुमारे ४ अंशांवर ठेवा आणि काही दिवसांत प्रयोगशाळेत पोचवा. गोठवला की संपलं. उणे १२ अंशांच्या आसपास सिस्टमधले परजीवी मरतात. फक्त डीएनए हवा असेल तर उणे २० अंश किंवा ९५ टक्के इथेनॉल चालतं. फॉर्मॅलिन मात्र टाळा. शवविच्छेदनाच्या खोलीत तेच हाताशी असतं, म्हणून सगळे तुकडे त्यातच जातात, आणि मग डीएनएचे इतके बारीक तुकडे पडतात की वाण ओळखण्याचे मार्कर वाढतच नाहीत. दोन डबे द्या, दोन रंगांच्या झाकणांचे: एक ऊतकशास्त्रासाठी, एक डीएनएसाठी.

जिवंत मार्जारांची विष्ठा गोळा करण्याचा मोह सगळ्यांना होतो, कारण ती गोळा करताना जनावराला हात लावावा लागत नाही. पण मांजर पहिल्या लागणीनंतर साधारण एक ते तीन आठवडेच ऊसिस्ट टाकतं. त्या काळात त्यांची संख्या लाखो-कोटींत असते, नंतर बहुधा काहीच नाही. म्हणून शेकडो विष्ठा तपासूनही हात रिकामे राहू शकतात. शिवाय हॅमंडिया हॅमंडी या भाऊबंदाचे ऊसिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली अगदी तसेच, १०-१२ मायक्रॉनचे दिसतात. फरक डीएनएच सांगतो. उदमांजर आणि मुंगूस मार्जार कुळातले नाहीत, त्यांच्या विष्ठेत हे ऊसिस्ट शोधत बसू नका. त्यांची ऊतकं मात्र जरूर घ्या.

आता तो एक पानाचा फॉर्म. प्रजाती, लिंग, अंदाजे वय, मृत्यूचं कारण, मृत्यूनंतर गेलेले तास, अवयव, जतनाची पद्धत, जीपीएस. यात आणखी दोन रकाने घाला जे बहुतेक फॉर्मवर नसतात: जवळच्या वस्तीपर्यंतचं अंतर, आणि प्राणी सापडला त्या जागेभोवती काय आहे (ऊस, भातशेती, कचरा डेपो, राखीव जंगल). वर सांगितलेली वस्ती-जंगल तुलना पुढे करता येईल की नाही हे या दोन रकान्यांवर ठरतं. जीपीएसवरून अंतर नंतर काढता येईल असं वाटतं, पण उपचार केंद्रात आलेल्या प्राण्याचा जीपीएस बहुतेकदा केंद्राचाच नोंदला जातो. प्राणी कुठून उचलला, हे त्याच दिवशी वनरक्षकाला विचारून लिहा.

सुरक्षेबद्दल थोडक्यात: हातमोजे, डोळ्यांना चष्मा, आणि गर्भवती किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या सहकाऱ्यांना या कामापासून दूर ठेवणं. पक्व ऊसिस्ट ब्लीचने मरत नाहीत. उकळतं पाणी किंवा ऑटोक्लेव्ह वापरा.

पायरी ४: रक्तद्रवाची चाळणी

सगळ्या नमुन्यांवर पीसीआर करण्याआधी अँटिबॉडी तपासल्या तर पैसे वाचतात. वन्य प्राण्यांसाठी मॅट, म्हणजे सुधारित ॲग्लुटिनेशन चाचणी, सोयीची. ती रूढ करण्यात अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल प्रयोगशाळेतले, मूळचे भारतातले जितेंदर दुबे यांचा मोठा वाटा आहे. सोय अशी की प्रत्येक प्रजातीसाठी वेगळी दुय्यम अँटिबॉडी लागत नाही. तरसाची किंवा साळिंदराची अँटिबॉडी कुठल्या कंपनीच्या यादीत सापडणार? रक्त नसेल तर हृदयातली गुठळी पिळून निघणारा द्रवही चालतो. १:२५ हा टायटर (म्हणजे द्रव २५ पट पातळ करूनही चाचणी पॉझिटिव्ह येणं) उंबरठा म्हणून सर्रास वापरतात. पॉझिटिव्ह म्हणजे प्राण्याला कधीतरी लागण झाली होती, एवढंच. वाणाबद्दल ही चाचणी काही सांगत नाही.

पायरी ५: डीएनए काढणे

किटच्या पुस्तिकेत २५ मिलिग्रॅम ऊतक घ्या असं लिहिलेलं असतं. रानातल्या प्राण्याच्या हृदयात सिस्ट इतके विरळ असतात की २५ मिलिग्रॅममध्ये एकही नसण्याचीच शक्यता जास्त. म्हणून आधी मोठा तुकडा, जमल्यास ५० ग्रॅम, बारीक करून पेप्सिन आणि हायड्रोक्लोरिक आम्लात ३७ अंशांवर तास-दीड तास पचवा. मग गाळा, सेंट्रिफ्यूज करा, सोडियम बायकार्बोनेटने आम्ल मारा आणि खाली बसलेल्या साक्यातून डीएनए काढा. मेंदूला या पचनाची गरज नाही, नुसता घोटून चालतो. जिथे ऐपत आहे तिथे चुंबकीय मण्यांनी टोक्सोप्लाझ्माचाच डीएनए ओढून काढायची पद्धत वापरतात. तिच्यात १०० ग्रॅमपर्यंत ऊतक एकदम हाताळता येतं.

ऊसिस्टमधून डीएनए काढायचा असेल तर त्यांच्या भिंती आधी फोडाव्या लागतात. द्रव नायट्रोजनमध्ये गोठवणं आणि वितळवणं आलटून पालटून काही वेळा करा, नाहीतर किट काचेच्या गोळ्यांवर चालवल्यासारखं होतं.

पायरी ६: परजीवी उंदरात वाढवायचा का?

जुना आणि भरवशाचा मार्ग असा: ऊतकाचा साका उंदरांना टोचायचा, सहा ते आठ आठवड्यांनी मेंदूत सिस्ट शोधायचे. यातून भरपूर डीएनए मिळतो आणि जिवंत वाण कायमचा जपता येतो. पण ही चाळणी निष्पक्ष नसते. टाइप १ सारख्या वाणाचा एकच परजीवी साध्या उंदराला मारू शकतो, तर काही वाण उंदरात धड वाढतच नाहीत. उंदरात जे रुजलं तेच रानात आहे असं मानलं, की विविधता आपल्याच हाताने छाटली जाते. उंदरांतल्या मारकतेवरून बिबट्यांना किंवा माणसांना धोका किती हेही ठरवू नका. टाइप २ उंदरांत सौम्य असूनही युरोपात माणसांच्या आजारात तोच जास्त सापडतो.

थेट ऊतकातून वाण ओळखणं अशक्य नाही. आर्क्टिकमधल्या स्वालबार्डवर मांजरांची वस्ती नाही, तरी तिथल्या आर्क्टिक कोल्ह्यांत टोक्सोप्लाझ्मा भरपूर. त्यांच्या ऊतकांतून थेट तपासणी करून २००८ मध्ये दाखवलं गेलं की तो मुख्यतः टाइप २ आहे. स्थलांतर करणाऱ्या हंसांबरोबर तो युरोपातून आला असावा असा कयास आहे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाला मी हीच थेट पद्धत सुचवेन. उंदीर ठेवायचेच असतील तर मोजक्या, फार महत्त्वाच्या नमुन्यांसाठी.

पायरी ७: आधी आहे का ते बघा, मग कोण ते

पहिला पीसीआर ओळखीसाठी. यासाठी ५२९ बेस जोड्यांचा पुनरावृत्त तुकडा उत्तम, कारण तो जीनोममध्ये सुमारे २०० ते ३०० वेळा येतो. बी१ जनुकाच्या साधारण ३५ प्रती असतात, म्हणून संवेदनशीलता कमी. रिअल-टाइम पीसीआर केला तर सीटी आकडाही (कितव्या चक्रात डीएनए दिसू लागला तो; आकडा जितका कमी तितका डीएनए जास्त) मिळतो, आणि पुढच्या कामासाठी तोच खरा उपयोगी.

नवख्यांचा इथे नेहमी गोंधळ होतो: ओळखीचा पीसीआर ठणठणीत पॉझिटिव्ह, आणि वाणाचे मार्कर एकामागून एक निकामी. यात जादू काही नाही. वाणाचे मार्कर एकेरी प्रतीचे असतात. शेकडो प्रतींचा तुकडा सापडला म्हणून ते सापडतीलच असं नाही. सीटी ३० च्या आत असेल तर उत्साहाने पुढे जा. ३४-३५ असेल तर आधी त्याच प्राण्याचा दुसरा अवयव काढून बघा.

पायरी ८: दहा मार्कर

आज सर्वाधिक तुलना ज्या पद्धतीने होते ती म्हणजे नेस्टेड पीसीआर (एकामागून एक दोन फेऱ्यांचा पीसीआर) आणि नंतर निर्बंधक विकरांनी (डीएनए ठरावीक जागी कापणाऱ्या एंझाइमांनी) तुकडे. मार्कर असे: सॅग-१, सॅग-२, सॅग-३, बीटब, ग्रा-६, सी२२-८, सी२९-२, एल३५८, पीके-१ आणि ॲपिको. पहिले काही पृष्ठभागावरच्या व इतर प्रथिनांची जनुकं आहेत, मधले वेगवेगळ्या गुणसूत्रांवरचे. ॲपिको तर परजीवीच्या ॲपिकोप्लास्ट या वेगळ्या अंगकातला. पहिल्या फेरीत बाहेरचे प्रायमर एकत्र टाकून मल्टिप्लेक्स करतात, दुसऱ्या फेरीत प्रत्येक मार्कर वेगळा. मग ठरलेली विकरं, उदाहरणार्थ ग्रा-६ साठी एमएसई-१, आणि अडीच ते तीन टक्के ॲगरोजच्या जेलवर पट्टे.

फक्त सॅग-२ करून प्रकरण मिटवायची जुनी सवय अजून दिसते. शितावरून भाताची परीक्षा इथे फसते. ब्राझीलमधले कितीतरी वाण सुरुवातीला एका मार्करवरून टाइप १ किंवा टाइप ३ म्हणून नोंदले गेले. दहा मार्कर लावल्यावर ते दोन्हींपेक्षा वेगळे निघाले. टाइप १२ सुद्धा अनेक मार्करवर टाइप २ सारखाच दिसतो. रानात संकर आणि अनोळखी वाण असण्याचीच शक्यता जास्त, आणि एक मार्कर त्यांना हमखास जुन्या तीन खणांत कोंबतो.

प्रत्येक जेलवर संदर्भ वाण चालवा. टाइप १ साठी जीटी-१ किंवा आरएच, टाइप २ साठी पीटीजी, टाइप ३ साठी सीटीजी, आणि अनोळखी अलील (मार्करचं वेगळं रूप) ओळखण्यासाठी कूग, मास आणि ब्राझीलच्या मांजरांतले वाण. यांचा डीएनए एखाद्या प्रस्थापित प्रयोगशाळेकडून मागवा, अगदी प्रकल्पाच्या सुरुवातीलाच. सगळ्यात जास्त वेळ यालाच लागतो.

नेस्टेड पीसीआरचा शाप म्हणजे दूषण. पहिल्या फेरीची नळी उघडली की हवेत लक्षावधी प्रती. मिश्रण बनवण्याची, डीएनए टाकण्याची आणि दुसऱ्या फेरीची जागा वेगळी ठेवा, पिपेट वेगळी ठेवा, आणि दुपारी जेलच्या खोलीत गेलेल्या माणसाने त्या दिवशी मिश्रणाच्या खोलीत पाऊल टाकू नये. डीएनए काढतानाचा रिकामा नमुनाही दोन्ही फेऱ्यांतून न्या. सगळे वन्य प्राणी अचानक आरएचसारखे दिसू लागले, तर रानात टाइप १ ची साथ आली असं समजू नका. तुमच्या बाकावरच आरएच सांडलाय.

पायरी ९: जेल वाचणे

प्रत्येक मार्करला १, २, ३ किंवा अनोळखी अलील (यू-१, यू-२ वगैरे) अशी नोंद द्या. दहा नोंदींची ही ओळ टोक्सोडीबी या खुल्या माहितीसंचातल्या क्रमांकांशी जुळवा. क्रमांक १ आणि ३ म्हणजे टाइप २ आणि त्याचा ॲपिकोवर वेगळा असणारा प्रकार, २ म्हणजे टाइप ३, १० म्हणजे टाइप १, आणि ४ व ५ म्हणजे टाइप १२. कुठेच जुळत नसेल तर आनंद करण्याआधी तो मार्कर नव्याने चालवा आणि सँगर पद्धतीने क्रम वाचून घ्या. अर्धवट कापला गेलेला डीएनए नव्या अलीलचं सोंग फार छान घेतो.

ऊतकातला टोक्सोप्लाझ्मा हॅप्लॉइड असतो, म्हणजे प्रत्येक जनुकाची एकच प्रत. मग एकाच मार्करवर दोन टाइपचे पट्टे एकत्र दिसले तर अर्थ तीनच: मिश्र लागण, दूषण किंवा अर्धवट कापणी. 'हा संकर आहे' असा अर्थ होत नाही. संकरात मार्करगणिक वाण बदलतो, पण एका मार्करवर पट्टा एकाच प्रकारचा असतो. परीक्षेत हा प्रश्न हमखास विचारला जातो, आणि शोधनिबंधांतही इथे चुका होतात.

दहापैकी सहाच मार्कर चालले तर? ते सहा लिहा, उरलेल्या चारांसमोर रेघ मारा, आणि क्रमांक देऊ नका. सहा मार्कर 'बहुधा टाइप ३' सांगत असतील तर मजकुरात 'सहा मार्करवर टाइप ३ शी सुसंगत' असं लिहायला काही हरकत नाही. गाळलेल्या जागा अंदाजाने भरून पूर्ण ओळ दाखवणं ही मात्र फसवणूक झाली.

पायरी १०: अधिक बारीक बघायचं असेल तर

दहा मार्करची पद्धत दोन वेगळे वंश वेगळे दाखवते, पण एकाच वंशातल्या दोन नकला तिला सारख्याच दिसतात. बिबट्यातला आणि शेजारच्या मांजरातला टाइप ३ खरंच एकाच उगमाचा आहे का, हे विचारायचं असेल तर १५ मायक्रोसॅटेलाइटचा (डीएनएत पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या क्रमांचा) संच वापरा. त्यातले आठ वंश ओळखण्यासाठी, सात बोटांच्या ठशांसारख्या बारीक ओळखीसाठी. याला केशनलिका यंत्र लागतं, आणि अर्थातच चांगला डीएनए.

संपूर्ण जीनोम सुमारे साडेसहा कोटी बेस जोड्यांचा. २०१६ मध्ये ६२ वाणांचे जीनोम एकत्र मांडले गेले आणि मारकतेशी निगडित जनुकांचे गठ्ठेच्या गठ्ठे वाणावाणांत अदलाबदल झालेले दिसले. ऊतकात यजमानाचा डीएनए इतका प्रचंड असतो की थेट जीनोम वाचणं परवडत नाही. उंदरात किंवा पेशीसंवर्धनात वाढवलेला वाण हाताशी असेल तरच हा विचार करा.

पायरी ११: विश्लेषण

वंशवृक्ष काढायची घाई नको. ज्या जीवात संकर होतो त्याचा इतिहास फांद्यांनी दाखवता येत नाही. स्प्लिट्सट्रीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये नेबर-नेट जाळं काढा. एकाच ठिकाणच्या, एकाच वेळच्या, हुबेहूब सारख्या नमुन्यांना एक धरून विश्लेषण पुन्हा करा. नाहीतर एका पिंजऱ्यातल्या पाच मांजरांनी सगळा आलेख वाकतो. मार्करमधला संबंध मोजला की नकलांचा प्रसार आहे की मिसळ, याचा अंदाज येतो.

दोन जागांची विविधता तोलताना नमुन्यांची संख्या सारखी करा. ताडोब्याचे ३० आणि सिंधुदुर्गचे ५ नमुने घेऊन 'ताडोब्यात वाण जास्त' म्हणणं निरर्थक आहे. जास्त नमुन्यांत जास्त वाण मिळणारच. ३० मधून यादृच्छिक ५ वारंवार उचलून सरासरी बघा, त्याला रेअरफॅक्शन म्हणतात. आणि उपलब्ध शवं रस्त्याकडेची असतील, तर तुमचा अभ्यास रस्त्याकडेच्या प्राण्यांचा आहे, हे शीर्षकात नाही तरी सारांशात यायला हवं. वस्तीजवळ विविधता कमी असते हे आधीच दिसलेलं असताना, रस्त्याकडेचेच नमुने घेऊन 'महाराष्ट्राच्या जंगलांत दोनच वाण' असा निष्कर्ष काढणं सोपं आहे, आणि बहुधा चुकीचं.

पायरी १२: नोंदी आणि जमा

वेगळ्या केलेल्या वाणाला नाव देण्याची रूढी आहे: आधी टोक्सोप्लाझ्माची दोन अक्षरं, मग यजमान, मग देश, मग क्रमांक. कूगचं औपचारिक नाव टीजी-सीजी-सीए-१, म्हणजे कॅनडातल्या प्यूमातला पहिला. थेट ऊतकातून ओळखलेल्या, जिवंत न मिळालेल्या नमुन्याला असं नाव न देता नमुना क्रमांकच ठेवा. वाचलेले क्रम जेनबँकेत (डीएनए क्रमांच्या खुल्या माहितीसंचात) टाका, दहा मार्करची पूर्ण ओळ (रेघांसकट) पुरवणी तक्त्यात द्या, आणि उरलेला डीएनए उणे ८० अंशांत दोन वेगळ्या फ्रीजरमध्ये ठेवा. वीज जाणं काही अपवाद नाही.

वन विभागाला द्यायचा अहवाल मराठीत, दोन पानांचा करा: कोणते प्राणी, कुठले, किती पॉझिटिव्ह, कोणते वाण, आणि उपचार केंद्रासाठी काय करावं. मार्जार कुळातल्या जनावरांना कच्चं मांस देण्याआधी ते गोठवून ठेवावं आणि पिंजऱ्यातली विष्ठा रोजच्या रोज काढावी, कारण ऊसिस्टला पक्व व्हायला एक ते पाच दिवस लागतात. ज्या डॉक्टरांनी आणि वनरक्षकांनी फॉर्म भरले त्यांना या अहवालाची प्रत त्यांच्या नमुन्यांच्या निकालासह पाठवा. पुढच्या हंगामाचे रिकामे डबेही त्याच पाकिटाबरोबर जाऊ देत.